मिशनवर आहे, वाचायला काय मागवू? (पेटीत जागा कमी, नेट त्याहून कमी)

वानेरा_उदगीर

रामराम मंडळी. पहिल्यांदाच लिहायलो, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

फौजेत हवालदार आहे, गाव उदगीर तालुक्यात. सध्या दक्षिण सुदानात, निळ्या टोपीवर, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत. वर्षाची ड्युटी, पाच महिने गेले, सात राहिलेत. पावसाळा लागलाय. इथली माती आपल्यासारखीच काळी आणि चिवट. एक पाऊस झाला की बुटाला शेर-शेर माती लागते आणि गाड्या जागच्या हलत नाहीत. मग बाहेरचं काम कमी आणि कंटेनरात बसणं जास्त. इथं राहायच्या खोलीला कंटेनरच म्हणतो आम्ही. ड्युटी, जेवण, चिखल नसंल तर व्हॉलीबॉल, घरी फोन. तरी दिवस उरतोच.

प्रश्न साधा आहे. वाचायला काय मागवू, आणि कसं मागवू?

येताना दोन पुस्तकं आणली होती, दोन्ही निरोपाला मिळालेली. एक आयुष्यात यशस्वी कसं व्हायचं त्याचं, एक लढाईचं. पहिलं वीस पानांत कळलं. लढाईचं चांगलं असंल, पण मला वाचवत नाही. दिवसभर बुलेटप्रूफ घालून हिंडायचं आणि रात्री पडल्या पडल्या पुन्हा गोळीबार? शेतकऱ्याला सुट्टीत नांगराचं माहितीपत्रक देण्यासारखं झालं ते.

आता खरी गोष्ट सांगतो. गेल्या महिन्यात आमच्यातला एक सातारकर सुट्टीवरून परत आला. पुण्याला माझा भाऊ असतो, त्यानं त्याच्या हाती आईचा डबा दिला. शेंगदाण्याची चटणी, कारळाची चटणी, थोडे लाडू. चटणीच्या पुड्या आईनं पेपरात गुंडाळलेल्या. चटणी चौघांनी तीन दिवसांत संपवली. पेपर माझ्याकडं अजून आहे.

रविवारच्या पुरवणीचं अर्धं पान आहे. मागच्या बाजूला सोयाबीन-तुरीचे भाव, एक निविदा, एका आजोबांच्या तेराव्याची जाहिरात. सगळं पाठ झालंय. पुढच्या बाजूला एक गोष्ट. हाळीच्या बाजारात एक म्हातारा माणूस आपला बैल विकायला आणतो. जोडीतला एक मेलेला, दुसरा दावणीला एकटा. हेड्या, म्हणजे गुरांचा व्यापारी, येतो, दात बघतो, पाठीवरून हात फिरवतो, टॉवेल टाकतो. दोघांचे हात टॉवेलाखाली जातात. आणि "म्हाताऱ्यानं त्याचं दुसरं बोट" इथं पान फाटलेलं. त्याच्या खाली तेलाचा डाग.

लेखकाचं नाव फाटलेल्या बाजूला गेलं. पेपर कुठला, तारीख कोणती, काही नाही. आईला विचारलं तर म्हणाली, रद्दीतला होता, तुला चटणी लागली का ते सांग.

मी ते अर्धं पान दहा-बारा वेळा तरी वाचलं असंल. आणि ध्यानात आलं की मला असलं काहीतरी पाहिजे. आपल्याकडचं, साधं, ज्यात कोणी कुणाला काही शिकवत नाही. पण गावात असताना मी पुस्तकाच्या वाटंला कधी गेलो नाही, त्यामुळं कशाला काय म्हणतात तेच माहीत नाही. नेट येतं-जातं. आलं तरी आधी घरी व्हिडिओ कॉल, मग बाकीचं. सांगा काहीतरी.

गडकोट_प्रेमी

भाऊ तुम्हाला सलाम! तुमच्यामुळे आम्ही इथे शांत झोपतो. शौर्यगाथा वाचा, क्रांतिकारकांची चरित्रं वाचा. प्रेरणा मिळेल. जय हिंद!

वानेरा_उदगीर

जय हिंद भाऊ, आभार. प्रेरणा भरपूर आहे हो इथं. रोज सकाळी पाचला शिट्टी वाजवून देतात.

पेन्शनीतला_सुभेदार

बेटा, आधी कामाची गोष्ट. देश लिहिलास, इथंवर ठीक. पल्टन, ठिकाण, कोण कधी सुट्टीवर जातंय-येतंय, हे यापुढं इथं लिहू नको. विचारलं कुणी तरी सांगू नको. चटणीबद्दल कितीही लिही.

आता वाचायचं. मी औशाचा, २८ वर्षं नोकरी केली, त्यातलं एक वर्ष काँगोत तुझ्यासारखंच निळ्या टोपीवर. आमच्या वेळी मोबाईल हा प्रकार नावालाच. घरून दिवाळी अंक आला तर तो अख्खा एका माणसाला द्यायचा नाही, असा नियम होता. मी पिना काढून अंकाचे चार भाग करायचो. कथा एकाकडं, लेख दुसऱ्याकडं, कविता आणि राशीभविष्य तिसऱ्याकडं, जाहिराती लांगऱ्याकडं, म्हणजे स्वयंपाक्याकडं. लांगरी आमचा बिहारचा होता, त्याला दागिन्यांच्या जाहिराती आवडायच्या. आठ दिवसांनी अदलाबदल. एक अंक महिना-दीड महिना जायचा. भांडणं व्हायची ती फक्त राशीभविष्यावरून. जुनं झालेलं भविष्यसुद्धा माणसं वाचायची, खरं झालं का ते तपासायला.

दुसरं. एकट्यानं मनात वाचू नको, मोठ्यानं वाच. आमच्यात वारकरी घरातला, नायक हुद्द्याचा एक जवान होता. तो रोज रात्री रोल कॉलनंतर हरिपाठ म्हणायचा. आधी सगळे हसायचे. दोन महिन्यांनी तो तापानं हॉस्पिटलात गेला, तर झोप येईना म्हणून एका पंजाबी हवालदारानं मला विचारलं, साब, वो आपका वाला गाना कौन गाएगा? ज्याला अक्षर कळत नव्हतं त्याला आवाज कळत होता.

पातळ पुस्तक घे. जाडजूड कादंबरी ड्युटीच्या मधे मधे तुटते, आणि तुटली की माणूस ती पुन्हा धरत नाही. पाच-सात पानांची कथा पहाऱ्याच्या ड्युटीवरून आल्यावर बूट सोडता सोडता होते. बूट मात्र आधी सोड.

ग्रंथपाल_बाई

दादा, मी अंबाजोगाईजवळच्या एका गावात 'ब' वर्गाचं ग्रंथालय सांभाळते. तुमचं अर्धं पान वाचलं आणि दुपारभर जुन्या पुरवण्यांचे गठ्ठे चाळले. नाही सापडलं. आमच्याकडे तीन पेपर येतात, पण वर्षाआधीची रद्दी काढावी लागते. कपाटं कमी. असो.

कसं मागवायचं ते आधी सांगते, कारण खरी अडचण तिथे आहे.

तुम्ही तिथून काही उतरवायला बसू नका. भावाला सांगा. त्याने पुण्यात बसून सगळं एका मेमरी कार्डावर भरायचं आणि पुढच्या येणाऱ्या माणसाकडे द्यायचं. नखाएवढं कार्ड, पेटीचा प्रश्नच मिटला. फक्त एक सांभाळायचं. स्कॅन केलेल्या पीडीएफ जड असतात आणि फोनवर अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते. प्रत्येक ओळीला बोट डावीकडे-उजवीकडे. दोन पानांत डोकं उठतं. ई-पब नावाची फाइल मिळाली तर तीच घ्यायची. त्यात अक्षर वाढवलं की ओळ आपोआप खाली सरकते. फाइल हलकी असते. घरात जुना फोन पडला असेल तर तोच वाचायला ठेवा, सिमकार्ड न घालता. मेसेज येत नाहीत, बॅटरी टिकते, आणि वाचताना बोट दुसरीकडे जात नाही.

फुकट आणि रीतसर मिळणाऱ्या जागा: ई साहित्य प्रतिष्ठान, विकिस्रोत, राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचं संकेतस्थळ. विश्वकोशही आहे, वाईचा. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला, आता सगळे २० खंड नेटवर आहेत. विश्वकोश कोण वाचतं असं वाटेल, पण आमच्याकडे एक निवृत्त तलाठी रोज येऊन एक नोंद वाचून जातात, पेढा खाल्ल्यासारखी. नाईल नदीची नोंद आधी काढा. तुम्ही तिथे आहात, पडताळून आम्हाला सांगा.

लेखक गेल्यावर ६० वर्षांनी आपल्याकडे त्याच्या लेखनावरचा हक्क संपतो, मग ते कुणीही नेटवर ठेवू शकतं. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचं लेखन २०११ पासून मोकळं झालं. आपल्या परभणीचे बी. रघुनाथ १९५३ साली गेले, ते २०१४ पासून मोकळे. व्हॉट्सअॅपवर मात्र 'दोन हजार मराठी पुस्तकं' अशी एक गठडी फिरते, ती भावाने पाठवली तर घेऊ नका. हयात लेखकांची पुस्तकं चोरून छापल्यासारखंच आहे ते. शिवाय त्यात निम्म्या फाइलींची मधली पानं गायब असतात. तुमचं आधीच एक पान गायब आहे.

आता काय वाचायचं. मला विचाराल तर दोनच सांगेन. रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा'. १९७१ ची कादंबरी, पातळ. एका शिंप्याच्या घरची गोष्ट, सांगणारी त्याची बायको, आणि सांगते ती आपल्या बोलीत. वाचताना तुम्हाला शब्द अडणार नाही, घसा अडेल. ही विकत घ्यावी लागेल, पण पेटीत चटणीच्या पुडीएवढीच जागा घेते. दुसरं विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. हे कोकणातल्या वरसईचे भिक्षुक. घरावर कर्ज होतं, म्हणून दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि नेमके १८५७ च्या बंडात सापडले. तुम्हाला लढाई नको, मान्य. पण हा लढणारा माणूस नाही. हा लांब परमुलखात अडकलेला, घरी परत जायचं कसं याच्या काळजीतला माणूस आहे. कमावलेलं वाटेत लुटलं जातं, शेवटी गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन घरी येतो. १९०७ साली छापलेलं आहे, हक्काचा प्रश्न नाही.

आणि सुट्टीवर आलात की अंबाजोगाईला या. संतकवी दासोपंतांची पासोडी दाखवायला नेते. सुमारे ४० फूट लांब, ४ फूट रुंद कापड, आणि त्यावर ग्रंथ लिहिलेला. त्यांना पेटीची अडचण नव्हती.

वानेरा_उदगीर

सुभेदार साहेब, चूक झाली, ध्यानात ठेवतो. बाई, तुम्ही माझ्यासाठी गठ्ठे उपसले हे वाचून लई बरं वाटलं.

भावाला कार्डाचं सांगितलं. म्हणाला, एवढंच ना, मला वाटलं पैसे पाहिजेत.

मोठ्यानं वाचायचं काल करून बघितलं. दुसरं काही नव्हतं, तेच अर्धं पान वाचलं. सातारकराला कळलं. गढवाली आणि तमिळ दोघांना हिंदीत सांगत गेलो. तमिळ गडी म्हणाला, त्यांच्याकडंही बाजारात असंच कापडाखाली हात धरतात. मग तासभर चौघांत तीच चर्चा. कुणाकडं बैल कसा, दात कसे बघतात. गढवाल्याच्या घरी एकच गाय आहे, तरी सगळ्यात जास्त तोच बोलला.

इथली गुरं बघितल्यापासून माझ्या डोक्यात ते होतंच. शिंगं अशी की दोन्ही हात पसरले तरी पुरणार नाहीत. इथल्या माणसाचा गुरांवर लई जीव. लग्नात गुरं द्यावी लागतात, भांडणं गुरांवरून, गाणी गुरांवर. आपली फौज इथं गुरांचा दवाखानासुद्धा चालवती. मी माझ्या फोनमधला आमच्या देवणी जातीच्या बैलाचा फोटो एका म्हाताऱ्याला दाखवला. वानेरा आहे आमचा, अंग पांढरं, तोंड काळं. त्यानं फोन हातात घेतला, बराच वेळ बघितलं आणि शिंगाकडं बोट दाखवून हसला. दुभाषा म्हणाला, तो विचारतोय, हा आजारी आहे का, शिंगं कामून वाढली नाहीत.

ज्वारी पण आहे इथं. तिची पातळ आंबूस पोळी करतात. भाकरी नाही ती, पण पिठाचा वास तोच. तर बाई, असल्या गोष्टी कुणी लिहिल्यात का? मला वाटतं मला तेच वाचायचंय.

घरून_लिहिते

मी परभणीची. आमचे हे फौजेत, मागच्या वर्षी लेबनॉनला होते. तुमचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते.

यांना वाचायचा कंटाळा, डोळे दुखतात म्हणायचे. मग मी वाचून पाठवायला लागले. पोरगी झोपली की स्वयंपाकघरात बसायचं, फोनवर आवाज भरायचा, रोज दहा-बारा मिनिटं. व्हिडिओपेक्षा आवाजाची फाइल किती तरी हलकी, नेट मंद असलं तरी जाते. ऐकायचे अॅप असतात, स्टोरीटेल वगैरे, त्यात वाचणारे लई चांगले असतात. मव्हं वाचणं अडखळत. शाळा दहावीपर्यंत झालेली.

एकदा मधेच कुकरची शिट्टी झाली. मला वाटलं खराब झालं, परत वाचून पाठवलं. तर यांचा मेसेज, पहिलंच ठेव. नंतर पोरगी मधेच उठून रडायची, शेजारची कडी वाजवायची, लाईट गेली की पंखा बंद पडल्याचा आवाज यायचा. काहीच काढू नको म्हणायचे. एका कादंबरीला आम्हाला चार महिने लागले. शेवटचं प्रकरण मी पाठवलंच नाही, म्हणलं घरी येऊन ऐका. आले, आणि ऐकता ऐकता झोपले बगा.

तुमच्या घरून कुणी वाचून पाठवत असंल तर बगा. आई वाचतात का?

वानेरा_उदगीर

ताई, आईला अक्षर येत नाही. बायको अंगणवाडीत आहे, ती वाचंल. आईला मात्र बोलतं करता येईल. तिला जात्यावरच्या ओव्या येतात, आम्ही कधी लिहून घेतल्या नाहीत. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

हाळीचा_पोरगा

दादा मी हाळी हंडरगुळीचा. वडील तीस वर्षं बाजारात दलाली करत होते. ती गोष्ट मी पण वाचलेली नाही, पण टॉवेलाखाली पुढं काय होतं ते सांगू शकतो.

आमच्याकडं त्याला हत्ता म्हणतात. विकणारा आणि घेणारा, दोघांचे हात कापडाखाली. किती बोटं धरली त्यावरून आकडा. हजारात बोलायलोय की शेकड्यात, ते एकाच शब्दात आधी ठरतं. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच कळतो. का, तर आज सौदा मोडला तर उद्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला हा कमी भाव कळू नये म्हणून. नको असंल तर विकणारा बोट सोडवून घेतो. पटलं तर मूठ बंद करतो आणि इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, हातावर पडतो.

तुमच्या गोष्टीत "दुसरं बोट" आलंय. म्हणजे हेड्यानं एक धरलं होतं आणि म्हाताऱ्यानं स्वतःहून त्याचं दुसरं धरलं. म्हातारा वाढवून मागायलाय. ज्याला बैल मनातून विकायचाच नाही तो असंच करतो, गिऱ्हाईक पळून जाईल एवढा भाव सांगतो. वडलांना वाचून दाखवलं, ते म्हणाले, म्हातारा बैल घेऊन घरी गेला असणार. मी म्हणलं कशावरून, तर म्हणाले, जोड फुटलेला बैल बाजारात आणणारा माणूस नडलेला असतो. नडलेला माणूस भाव वाढवत नसतो, हा वाढवायलाय.

आई मात्र म्हणाली विकला.

पेन्शनीतला_सुभेदार

विकला. नडलेला माणूससुद्धा एक बोट वाढवून बघतोच. मी माझा प्लॉट विकताना बघितलंय.

ग्रंथपाल_बाई

नाही विकला. आणि दादा, तुम्ही विचारलंत असल्या गोष्टी कुणी लिहिल्यात का. गुराढोरांवर, बाजारावर, रानावर आपल्याकडच्यांनी पुष्कळ लिहिलंय, त्यातलं वेचून कार्डाची यादी तुमच्या भावासाठी करते. पण दक्षिण सुदानातली शिंगं, तिथली आंबूस पोळी आणि उदगीरचा वानेरा, हे एकत्र कुणी लिहिलेलं माझ्या कपाटात तरी नाही. वही आहे का जवळ?

वानेरा_उदगीर

वही आहे. स्टोअरच्या हिशोबाची, मागची चाळीस पानं कोरी. बघतो.

इथं चौघांत मतदान झालं. दोन म्हणतात विकला, दोन म्हणतात नाही. तमिळ गडी पक्का आहे, नाहीच विकला, आणि पुढचं पान सापडलं तरी मला सांगू नको म्हणतो.

पुढच्या डब्याचं कालच फोनवर ठरलं. 'पाचोळा' भाऊ घेऊन देतोय, कार्ड त्याच्यातच चिकटवून. बायको आजपासून वाचून पाठवणार आहे, आधी पाच मिनिटांचंच म्हणाली. आणि आईला सांगितलंय, चटणीला पेपर रविवारचाच घे, एकाच दिवसाचा, आणि पानं एकामागं एक लाव. ती म्हणाली, बरं, पण तेल सुटतंय बाबा, आधी प्लास्टिक लावते.

ड्युटीची वेळ झाली. उद्या बघतो.